शिक्का बसल्यावर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पहिल्या मालिकेत वाळूवाल्याचा माणूस, दुसरीत सावकाराचा पोरगा आणि आता आमदाराचा मेहुणा. तिसऱ्यांदाही गुंडच आला म्हणून तू हबकलास. 'काका, माझ्यावर शिक्का बसला,' असं लिहिलं आहेस. बसला असेल. पण शिक्का बसायलासुद्धा कुणीतरी तुझं काम पाहून ते लक्षात ठेवावं लागतं. ऑडिशनच्या रांगेत तुझ्या पुढेमागे उभ्या असलेल्या कितीतरी पोरांवर कसलाच शिक्का नाही. त्यांना विचार, सुखी आहेत का.

मी निळू फुल्यांबरोबर कधी काम केलेलं नाही. प्रेक्षागृहातल्या खुर्चीतून पाहिले, पडद्यावर पाहिले, तेवढीच ओळख. तरीही तुझ्या प्रश्नाला त्यांच्याइतकं सरळ उत्तर दुसरीकडे सापडत नाही. तुझ्या पिढीला ते नकलाकार वापरतात त्या 'बाई, वाड्यावर या' या एका वाक्यापुरते ठाऊक आहेत. याचा मला राग येतो, पण तो इथे काढत बसत नाही.

माणूस पुण्यातल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळी होता. पगार 80 रुपये, त्यातले 10 राष्ट्र सेवा दलाला जायचे. अभिनय शिकले तो सेवा दलाच्या कलापथकात. वग, लोकनाट्य, उघड्यावरचे प्रयोग. समोर बसलेल्या लोकांनी तिकीट काढलेलं नसायचं, त्यामुळे कंटाळा आला की ते सरळ उठून जायचे. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव केलं आणि 1968 मध्ये 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा मिळाला. तेव्हा ते चाळिशीच्या जवळ आले होते. तू सव्विसाव्या वर्षी 'उशीर झाला' म्हणतोस!

झेलेअण्णा गाजला आणि मराठी सिनेमाला सरपंच, पाटील, चेअरमन, पुढारी यांच्यासाठी एक कायमचा माणूस सापडला. तुझ्यावर बसलाय म्हणतोस तोच हा शिक्का, फक्त कित्येक पट खोल. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखरच शिव्या घालायच्या, हे ते स्वतःच मजेत सांगत. ती त्यांना कामाची पावती वाटे.

आता त्यांचा 'सामना' सिनेमा बघ. पुन्हा बघ म्हणतो, कारण तू कॉलेजात असताना पाहिला असशील तो मास्तरांसाठी, 'मारुती कांबळेचं काय झालं?' या प्रश्नासाठी. या वेळी मास्तर झालेल्या डॉ. लागूंकडे बघायचंच नाही. फक्त निळूभाऊंच्या हिंदुराव धोंडे पाटलावर नजर ठेव. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा, पंचक्रोशी ज्याच्या शब्दावर हलते तो माणूस आवाज जवळजवळ चढवतच नाही. चढवायची गरजच नाही, कारण लोक ऐकायला आधीच वाकलेले असतात. दारुड्या मास्तराला तो घरात ठेवून घेतो ते जितराब पाळावं तितक्या सहज, आणि त्यात त्याला गंमतही वाटते. मग तो प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतो, तसतशी त्या सहजपणाला कुठे कुठे चीर पडते ते शोध. तेंडुलकरांनी लिहिलेला हिंदुराव स्वतःला खलनायक समजतच नाही. ओसाड मुलखात आपण काहीतरी उभं केलं याचा त्याला अभिमान आहे, आणि तो अभिमान खोटाही नाही. निळूभाऊंनी तो अभिमान खरा मानून भूमिका केली, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटते.

हे त्यांना कुठून मिळालं? माझा अंदाज सांगतो. ते नुसते नट नव्हते, कार्यकर्ते होते. सभा, निवडणुका, सतरंज्या उचलणं, पुढाऱ्याच्या गाडीची वाट बघत ताटकळणं, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं, आणि पाहिलं होतं ते खालून. सत्ता खालून बघणाऱ्याला तिचे बारकावे जास्त कळतात.

तेव्हा तुझ्या आमदाराच्या मेहुण्याकडे ये. तू पाठवलेली लुक टेस्टची क्लिप पाहिली. गळ्यात चेन, गॉगल कपाळावर, नाकपुड्या फुगलेल्या आणि आवाज स्टुडिओच्या छताला. अरे, हे तर कुणीही करेल. जरा विचार कर, या माणसाकडे स्वतःचं काय आहे? काहीच नाही. त्याची सगळी ताकद उसनी आहे. बहिणीचं आणि दाजीचं उद्या फिसकटलं तर परवा त्याला तहसील कचेरीतला शिपाईही नमस्कार घालणार नाही. त्यामुळे खोलीत दाजी असले की तो वेगळा बसत असणार, नसले की वेगळा. फोन वाजला की आधी नाव बघत असणार. बहिणीशी बोलताना त्याचा आवाज कुठल्या पट्टीत जातो? दाजींच्या पीएचा तो द्वेष करतो की त्याला सांभाळून असतो? लेखकाने यातलं काही दिलं नसेल. रोजच्या भागाचे कागद सकाळी सेटवर हातात पडतात तिथे तो बिचारा तरी काय काय देणार! पण हे तुझ्यापाशी तयार असेल तर 'सोडणार नाही तुला' हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्यही तुझ्या तोंडून निराळं निघेल.

सुट्टीच्या दिवशी गावी जाशील तेव्हा पंचायत समितीच्या व्हरांड्यात दोन तास बसून ये. लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर कोण बसतं, कुणाला उठवून कुणाला बसवतात, आहेराच्या वेळी फोटोत कोण घुसतं, ते बघ. तुझ्या जिममधल्या तासांपेक्षा हे कामाला येईल.

दुसरी गोष्ट. पडदा निळूभाऊंना सरपंचच देत राहिला. मग त्यांनी इतर माणसं रंगभूमीवर शोधली. तेंडुलकरांच्या नाटकातला 1972 चा सखाराम बाइंडर. टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, दांभिकतेला शिव्या देणारा आणि तरी स्वतः जुलमी असलेला. त्या नाटकावरून सेन्सॉरशी आणि कोर्टात केवढं रण पेटलं, ते त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी लिहून ठेवलंय, मिळवून वाच. पुढे जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकामध्ये तेच निळूभाऊ म्हातारे गांधीवादी अप्पाजी झाले, मुख्यमंत्री मुलाच्या राज्यात होणारी तत्त्वांची वाताहत बघणारे. पडद्यावरच्या पुढाऱ्याला शिव्या देणारा प्रेक्षक त्या म्हाताऱ्यासाठी गलबलत होता. सिनेमातही जब्बार पटेलांनी 1979 च्या 'सिंहासन'मध्ये त्यांना खुर्चीपासून लांब, पत्रकार दिगू टिपणीस म्हणून उभं केलं. बाकी सगळे राजकारण खेळतायत आणि हा बघतोय. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू मला अजूनही झेपत नाही. हिंदीत मात्र पुन्हा 'सारांश'चा गजानन चित्रे, म्हणजे पुढारीच. असो.

म्हणून तू महिन्यातले चार दिवस तरी नाटकासाठी मोकळे मिळतील का, हे करार करतानाच विचार. नंतर विचारशील तर हसतील. प्रायोगिक नाटकात नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती मिळेल ते मला विचारू नकोस. तिथे तू मेहुणा नसशील, एवढीच मिळकत.

पैशाचं तुला ठाऊक आहेच, तरी लिहितो. पर डे वर, म्हणजे दिवसाच्या मानधनावर, भांडशील ते भांड, पण पैसे नव्वद दिवसांनी येतात हे धरून चाल आणि चार-सहा महिन्यांचं भाडं बाजूला पडेपर्यंत हप्त्यावर गाडी घेऊ नकोस. कर्जात बुडालेल्या नटाला भूमिका नाकारता येत नाही. मग शिक्का खरंच बसतो, आणि तो बँकेचा असतो.

आणि सेटबाहेर काहीतरी असू दे. निळूभाऊंना सेवा दल होतं, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम होतं. डॉ. लागू आणि ते 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत हिंडले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना महिन्याला मानधन मिळावं म्हणून. दोघेही तेव्हा नावाजलेले, तारखांची मारामार असलेले नट. तुला कार्यकर्ता हो असं मी म्हणत नाही. तुझा तो पिंड नाही, मला माहीत आहे. पण तू गावी असताना पोरांना कबड्डी शिकवायचास ना? मुंबईत आल्यापासून ते बंद का?

13 जुलै 2009 ला ते गेले तेव्हा मी पुण्यातच होतो. ज्यांना त्यांनी आयुष्यभर पडद्यावरून घाबरवलं होतं, तीच माणसं हळहळत होती.

मेहुण्याचं काम घे. शूटिंग सुरू होण्याआधी मला एक पान लिहून पाठव: हा माणूस दाजींकडे राहायला आला त्याआधी काय करत होता, आणि बहीण त्याला कुठल्या नावाने हाक मारते. क्लिप नको, लिहूनच पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका