पांढरे रस्ते, द्राक्षबागा आणि मधली जंगलं: कियांतीच्या ग्रॅव्हल राइडबद्दल तुमचे प्रश्न

कियांती म्हणजे इटलीच्या टस्कनी प्रांतातला वाइनचा डोंगराळ भाग, आणि ग्रॅव्हल राइड म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरून सायकलने फिरणं. मागच्या अंकात टस्कनीतल्या 'स्त्रादे ब्यांके'बद्दल, म्हणजे तिथल्या पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्यांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न: आम्ही दोघं नवरा-बायको डांबरी रस्त्यावर आरामात 100 किमी करतो. नकाशावर कियांतीतली गावं अगदी जवळजवळ दिसतात, गायोले ते राद्दा तर 10 किमीच्या आसपास. मग रोज 100 चा प्लॅन चालेल ना?

नाही, माझं ऐका आणि पहिल्या दिवशी 50 च ठेवा. कियांती म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर द्राक्षांच्या रांगा येतात, फोटोत तेवढंच असतं, पण कियांती क्लासिको म्हणतात त्या पट्ट्याचा साधारण दोन तृतीयांश भाग जंगल आहे. ओक, चेस्टनट, झुडपं, आणि त्यात मधेमधे बागा. आणि या बागा कुठे असतात ते बघा, ऊन मिळावं, पाणी निचरून जावं म्हणून उतारावर आणि डोंगराच्या धारेवर, आणि खालची ओली सावलीची दरी, उत्तरेकडचा थंड उतार हे सगळं झाडांसाठी सोडलेलं. गावंही बरीचशी वरच. त्यामुळे एका बागेतून समोरच्या बागेत जायचं म्हणजे आधी जंगलातून पार ओढ्यापर्यंत उतरायचं, पूल ओलांडायचा आणि परत चढायचं. समोरचं गाव हाताच्या अंतरावर दिसत असतं पण मधे दरी असते, आणि हे दिवसातून पाच-सहा वेळा होतं. गायोले स्वतः ओढ्याकाठी खाली आहे, राद्दा 500 मीटरच्या वर धारेवर, म्हणजे तुमचे ते 10 किमी काय आहेत ते लक्षात आलं असेल.

चढ लांबलचक नसतात, एक-दोन किमीचे, पण 10-12 टक्के सहज लागतात आणि खाली खडी असल्यामुळे उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसून, वजन मागे ठेवून, हलक्या गिअरवर चढायची सवय करा. म्हणून किलोमीटर मोजू नका, चढाईचे मीटर मोजा, दिवसाला 1000 मीटर चढाई झाली की पुरे, संध्याकाळी अंगात जीव राहील.

आणि खरं सांगू का, मला स्वतःला त्या दऱ्याच जास्त आवडतात. वर बागेत ऊन, पांढरी धूळ, डोळे दिपतात, आणि दोन वळणं उतरलं की एकदम गारवा, ओल्या पानांचा वास, खाली पाण्याचा आवाज. गायोलेच्या वर बादिया आ कोल्तिब्वोनो नावाचा जुना मठ आहे, 11 व्या शतकातला, त्याच्या आजूबाजूचं जंगल चुकवू नका. बागा बघायला गेलात तरी तिथे थांबाच.

प्रश्न: 28 मिमीचे टायर असलेली रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्याची सायकल, चालेल का? की खडीसाठीची जाड टायरची ग्रॅव्हल बाइकच भाड्याने घ्यावी?

प्रोफेशनल लोक याच रस्त्यांच्या नावाची 'स्त्रादे ब्यांके' रेस रोड बाइकवरच करतात, 2007 पासून, आणि शेवटी सिएना शहरातल्या व्हिया सांता कातेरीना गल्लीतला 16 टक्क्यांचा चढ चढून पियाझ्झा देल काम्पो या मुख्य चौकात पोचतात. 2015 पासून बायकांची रेसही होते. पण त्यांच्या मागे स्पेअर चाकं घेऊन गाडी असते, आपल्या मागे नसते. ग्रॅव्हल बाइक घ्या, 40 मिमीच्या आसपासचे टायर, ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव. 70 किलोच्या माणसाला 30-35 पीएसआय पुरतं, पुढे थोडं कमी. जास्त हवा भरली तर खडीवर चाक उड्या मारतं आणि हातांची वाट लागते.

गिअरकडे टायरएवढंच लक्ष द्या. मी एकदा भाड्याची सायकल न बघता घेतली, हलका गिअर पुरेसा हलका नव्हता, दोन दिवस अर्धे चढ ढकलत चढलो. मागचं सगळ्यात मोठं चक्र पुढच्या छोट्या चक्राएवढं किंवा त्याहून मोठं असलं पाहिजे, दुकानात उभं राहून दात मोजून घ्या.

रस्त्याचंही समजून घ्या. कियांतीत दोन दगडांची नावं सारखी कानावर पडतात, अल्बेरेसे म्हणजे कठीण चुनखडी आणि गालेस्त्रो म्हणजे पापुद्र्यासारखा सुटणारा मातकट दगड. वाइनवाले ज्या जमिनीचं एवढं कौतुक करतात तीच तुमच्या चाकाखाली असते, अल्बेरेसेवर दाबून बसलेली खडी छान पळते, गालेस्त्रोचे तुकडे उतारावर चाकाखालून सरकतात. सिएनाच्या आग्नेयेला क्रेते सेनेसी नावाचा भाग लागतो, तिथे चिकणमाती. कोरडी असताना सिमेंटसारखी घट्ट, पण पाऊस पडला की चिखल फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, असा बसतो की चाक फिरत नाही. पावसाच्या दुसऱ्या दिवशी क्रेतेत जाऊ नका, सरळ कियांतीच्या बाजूला या.

प्रश्न: द्राक्ष तोडणी बघायची आहे. कधी यावं? आणि बागांमधून सायकल घातलेली चालते का?

तिथलं मुख्य द्राक्ष सांजोवेसे, ते उशिरा पिकतं, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तोडणी धरून चाला, वर्षागणिक मागेपुढे होतं. हवाही तेव्हा राइडला छान.

बागांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावरून खुशाल जा, पण 'प्रोप्रिएता प्रिव्हाता' (खाजगी मालमत्ता) पाटी दिसली किंवा साखळी लावलेली असली की परत फिरा, आणि दोन ओळींच्या मधे तर सायकल घालूच नका. ते कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे. तोडणीच्या दिवसात अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टर येतो, द्राक्षांनी भरलेला, त्याला चढावर थांबावं लागणं फार जिकिरीचं असतं, तुम्हीच बाजूला उतरून उभे राहा. मे-जूनमध्ये येणाऱ्यांनी फवारणी चालू दिसली तर वारा जिकडे वाहतोय त्या बाजूने जाऊ नये, तांबं आणि गंधक असतं, घशाला लागतं.

वाइन टेस्टिंगचंही दोघातिघांनी विचारलंय. संध्याकाळी करा, सायकल ठेवून. इटलीत रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते आणि तसंही दोन ग्लासांनंतर खडीचा उतार उतरणं धोक्याचं आहे.

प्रश्न: जंगलात शिकार चालते असं ऐकलं, मुलगी घाबरतेय.

चालते, आणि काळजी घेण्यासारखीच गोष्ट आहे. शिकारीचा सीझन सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत, त्यात रानडुकरांना हाकून काढणाऱ्या मोठ्या टोळ्या निघतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र देशभर शिकारीला कायद्याने सुट्टी असते, तेव्हा दाट जंगलाचे भाग त्या दोन दिवसांसाठी ठेवा आणि बाकीचे दिवस उघड्या बागांमधून फिरा. 'बात्तूता आल चिंगियाले', म्हणजे रानडुकरांचा हाका चालू, अशी पाटी लावलेली दिसली तर त्या वाटेने जायचं नाही, वळसा पडला तरी चालेल. मुलीला भडक नारिंगी जॅकेट घाला, तुम्हीही घाला. गावाबाहेर अंधार पडल्यावर तर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सायकलवाल्यांना सक्तीचंच आहे. राइडनंतर पाय, गुडघ्यामागची बाजू तपासा, गवतात गोचीड असतात.

प्रश्न: ग्रॅव्हल बाइकवर लेरोइकात भाग घेता येईल का?

लेरोइका म्हणजे याच पांढऱ्या रस्त्यांवरची जुन्या सायकलींची राइड, तिच्या ऑक्टोबरच्या इव्हेंटमध्ये नाही. तिथे 1987 च्या आधीच्या बनावटीची सायकल लागते, गिअरचे दांडे फ्रेमवर, पॅडलला पट्टे, ब्रेकच्या केबल हँडलवरून बाहेर आलेल्या. 1997 साली जानकार्लो ब्रोक्कींनी गायोलेतून हे सुरू केलं, 92 जण होते. उद्देश एवढाच की या रस्त्यांवर डांबर पडू नये, आणि आज आपण त्या रस्त्यांवर चाक फिरवतोय ते त्या लोकांमुळे हे मला प्रत्येक राइडला आठवतं.

पण लेरोइकाचा 209 किमीचा कायमचा मार्ग वर्षभर खुला आहे, कुठल्याही सायकलला, तपकिरी पाट्या लावलेल्या आहेत. निम्म्याच्या आसपास कच्चा रस्ता आणि साडेतीन हजार मीटरहून जास्त चढाई, तेव्हा तीन-चार दिवसांत वाटून घ्या. गायोलेहून निघाल्यावर ब्रोलिओच्या किल्ल्याकडे जाणारा सायप्रसच्या झाडांमधला पांढरा चढ लागतो, तो पहाटेच्या उजेडात करा.

प्रश्न: फ्लॉरेन्सहून सायकल ट्रेनमध्ये नेता येते का?

येते. सिएनाला जाणाऱ्या रिजनल ट्रेनमध्ये सायकलचं चिन्ह असलेला डबा बघा, सायकलचं वेगळं तिकीट 3.50 युरो, त्या दिवसापुरतं चालतं. साधारण दीड तास लागतो. सिएनाचं स्टेशन खाली आहे आणि जुनं शहर वर टेकडीवर.