सेन्सर बदलण्याआधी वॉल्व्ह बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2016 चा सेकंडहँड फोर्ड एफ-350 पिकअप, मागे एकेरी चाकं, डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा कायम पेटलेला. मागे 34 फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या मागच्या पेटीत अडकवायचा ट्रेलर, त्याच्या टायरांना बाजारातून आणलेले, वॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे, हवा मोजणारे चार सेन्सर. उजवीकडचा मागचा सेन्सर पडद्यावरून वरचेवर गायब होतो, आणि डॅलसहून कॉलराडोला गेलात की दुसऱ्या दिवशी सकाळी चारही एकदम बोंबलतात. डीलर म्हणतो, दुर्लक्ष करा. तुम्ही विचारताय, आता सेन्सर आणि पडद्याचा कुठला महागातला संच घेऊ?

आमचं जुनं दुखणंच कोणीतरी टाइप केलंय असं वाटलं. आमचा रस्ताही हाच: 287 नंबरच्या हायवेने अमरिलो, मग डॅलहार्ट, क्लेटन, रॅटन. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, टायरचा धंदाही करत नाही. माझं म्हणणं आणि तुमच्या दाराच्या खांबावरचा, टायरमध्ये किती हवा हवी ते सांगणारा स्टिकर यांत फरक पडला तर स्टिकरचं ऐका. गेज कसा लावायचा, हवा थंड टायरमध्ये मोजायची वगैरे तुम्हाला येतच असेल, ते सोडून देतो.

पहिलं, डॅशबोर्डचा दिवा. किल्ली फिरवल्यावर तो मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो, की पहिल्यापासून स्थिरच असतो? नीट बघा. लुकलुकून स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड आहे. 2016 च्या गाडीत सेन्सर मूळचेच असतील तर बॅटरी संपली असण्याची शक्यता दाट. ती बॅटरी आत सीलबंद असते, बदलता येत नाही, सबंध सेन्सरच नवा घालावा लागतो. पहिल्यापासून स्थिर असेल तर हवा खरोखर कमी आहे. आणि इथे माझा एक संशय आहे. ट्रेलर नसताना गाडी धक्के देते म्हणून तुम्ही मागची हवा उतरवली आहे का? स्टिकरवर मागच्या टायरला 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलं असेल आणि तुम्ही 60 वर चालवत असाल तर दिवा लागणारच. अमेरिकेतल्या हलक्या गाड्यांच्या नियमानुसार, स्टिकरवर लिहिलेल्या दाबापेक्षा हवा 25 टक्के कमी झाली की इशारा द्यायचा असतो, आणि 80 चे 25 टक्के गेले की बरोबर 60 उरतात. मग दिवा बिचारा खरं बोलतोय.

हा नियम मुळात आपल्यासारख्या जड पिकअपवाल्यांसाठी केलेलाच नाही, हेही लक्षात घ्या. 2000 साली फायरस्टोनचे टायर आणि फोर्ड एक्सप्लोररच्या उलटण्याचं प्रकरण गाजलं, त्यातून ट्रेड (TREAD) नावाचा कायदा आला आणि 2008 च्या मॉडेलपासून सगळ्या हलक्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला. पण 10,000 पौंड जीव्हीडब्ल्यूआरपर्यंतच, म्हणजे माल-माणसांसकट गाडीचं कंपनीने ठरवलेलं कमाल वजन. त्यावरच्या गाड्या सुटल्या, एका अ‍ॅक्सलवर जोडचाकं असलेल्या ड्यूअली तर वजन काहीही असलं तरी सुटल्या. बहुतेक एक-टनी पिकअप 10,000 च्या वरच असतात. कंपनीने दिवा दिलाय तो आपल्या मर्जीने. आणि ट्रेलरच्या टायरबद्दल त्या जुन्या दिव्याला काडीची माहिती नसते. अलीकडच्या सुपर ड्यूटी, रॅम आणि सिल्व्हरॅडो पिकअपमध्ये ट्रेलरचे सेन्सरही गाडीच्या पडद्यावर जोडता येतात, पण तुमच्या 2016 मध्ये ते नाही. तेव्हा ट्रेलरसाठी वेगळा संच हवाच, त्यात दुमत नाही. फक्त तो महागातला असायला हवा असं नाही.

आता सकाळची बोंबाबोंब. डॅलसला दुपारी डांबरावर ट्रेलर उभा, टायर 110 अंश फॅरनहाइटला आलेला, त्यात तुम्ही 80 भरली. कॉलराडोत पहाटे तापमान 40. या दाबाच्या टायरमध्ये दर 10 अंशांना पावणेदोनच्या आसपास पीएसआय जातात. म्हणजे 80 चे 68-69 झाले. उंचीवर बाहेरची हवा विरळ, त्यामुळे हजार फुटांमागे साधारण अर्धा पीएसआय परत दिसतो, सहा हजार फुटांवर अडीच-तीन. आले 71 वर. तुमच्या संचात इशारा 10 टक्क्यांवर ठेवलेला असेल तर तो वाजतो 72 ला. सेन्सर उत्तम चाललेत हो! टायर पंक्चर नाहीत, सेन्सरही खराब नाहीत, हवाच कमी आहे.

यावर लोक दोन उलटे उपाय करतात. एक म्हणजे इशाऱ्याचा आकडा खाली आणून त्याचं तोंड बंद करायचं. दुसरा त्याहून वाईट, दुपारी चालत्या टायरमध्ये 92 दिसले म्हणून घाबरून हवा सोडायची. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका, दहा-पंधरा टक्के वाढ अपेक्षितच असते. ई लोड रेंजच्या (जड ओझ्याच्या) ट्रेलर टायरवर जे 80 लिहिलेलं असतं ते थंड टायरचं, आणि थंड म्हणजे तुम्ही जिथे आहात तिथल्या सकाळचं. निघायच्या दिवशी ऊन यायच्या आत 80 भरा. डोंगरात पोचल्यावर दुसऱ्या सकाळी कमी दिसली तर तिथे भरा. परत खाली आल्यावर सकाळी जास्त दिसली तर तेव्हा, थंड असताना, सोडा. यासाठी स्वतःचा कंप्रेसर लागतो, आणि लाइटरच्या भोकात लावायचे छोटे पंप 80 जवळ आले की दम टाकतात. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. संचावर खर्च करणार होतात तो पैसा इथे घाला.

गायब होणाऱ्या सेन्सरचं कारण बहुधा लांबी. उजवीकडचं मागचं चाक तुमच्या सीटपासून सगळ्यात लांब, मध्ये पत्र्याचा आख्खा डबा. रिपीटर म्हणून एक छोटी डबी मिळते, ती ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात 12 व्होल्टवर जोडा. तरीही गायब झाला तर त्याची बॅटरी बदला. टोपीवाल्या सेन्सरमध्ये ती बहुतेकदा बदलता येते, बटणासारखा सेल असतो.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी लिहायला बसलो. तो सेन्सर तुम्ही कशावर बसवलाय?

ट्रेलरपाशी जा, कॅप काढा आणि वॉल्व्ह अंगठ्याने बाजूला दाबून बघा. वाकला तर रबरी. वाकत नसेल आणि रिमपाशी नट दिसत असेल तर धातूचा. साधा रबरी वॉल्व्ह, टायरवाले ज्याला 413 म्हणतात, तो 65 पीएसआयपर्यंतच चालतो. तुमच्या टायरमध्ये 80. जास्त दाबाचे रबरी वॉल्व्हही मिळतात, पण त्यावर सेन्सरचं वजन टांगलं की प्रत्येक फेऱ्यात ते बाहेर फेकलं जातं आणि मुळापाशी रबर चिरत जातं. हवा आरपार जाऊ देणारे लांब सेन्सर तर आणखी जड. म्हणून ट्रेलरला नटवाला धातूचा वॉल्व्हच हवा, सेन्सर कुठल्याही कंपनीचा असो.

आम्ही ट्रेलरला चारही टायर नवे टाकले ते ट्रेलर जिथून घेतला त्याच डीलरच्या सर्व्हिसमध्ये. धातूचे वॉल्व्ह घाला असं लिहून दिलं होतं. बिलावरही छापून आलं: हाय प्रेशर मेटल वॉल्व्ह, नग 4, प्रत्येकी इतके डॉलर. क्लेटन आणि रॅटनच्या मध्ये, जिथे मैलोनमैल कुंपणाच्या तारा आणि गुरं सोडून काही नाही, तिथे डावीकडच्या मागच्या टायरचा इशारा वाजला. बायको पडद्यावरचे आकडे वाचत होती, 74, 71, 66, आणि मी रस्त्याच्या कडेला थांबायला जागा शोधत होतो. उतरून बघितलं तर टायर अख्खा, खिळा नाही, काप नाही. वॉल्व्ह बोटाने जरा वाकवला आणि मुळाशी भेग उघडली, आतून फुस्स. काळं, मऊ, साधं रबर. कॅपच्या खाली चकचकीत रिंग तेवढी होती, वरून धातूचा वाटावा अशी.

सेन्सरने वेळेवर सांगितलं म्हणून पुढचं संकट टळलं, यात शंका नाही. पण तो टायर कमी हवेत ओझ्याखाली तापला होता, त्याच्यावर परत भरवसा ठेवता येत नाही. आणि दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये एक टायर बसला की त्याच बाजूचा शेजारचा टायर त्याचं ओझं उचलतो, त्यामुळे तोही संशयित. दोन्ही बदलले. खिशाला खरी कात्री लागली ती इथे, आणि खरी कटकट सुरू झाली तीही इथेच.

ट्रेलर घेताना टायर आणि रिमच्या संरक्षणाची योजना गळ्यात मारली होती. तिच्या दाव्यांच्या कार्यालयात फोन केला. पहिली बाई म्हणाली, तुम्ही बाहेरचा सेन्सर लावलात, त्याच्या वजनाने वॉल्व्ह तुटला, योजनेत बसत नाही. मी म्हटलं, धातूच्या वॉल्व्हचे पैसे घेतलेत, रबरी का घातला? तो प्रश्न डीलरचा, असं उत्तर. डीलरकडे गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, ट्रेलरवर सगळे हेच वॉल्व्ह घालतात साहेब, आणि दावा योजनेकडे करायचा. परत योजनेकडे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. तुटलेला वॉल्व्ह पाठवा म्हणाले, पाठवला. आमच्याकडे नोंद नाही म्हणाले, पोचपावतीचा नंबर दिला तेव्हा तो सापडला. शेवटी पत्र आलं की प्रवासाला निघताना टायरमध्ये योग्य हवा होती याचा पुरावा द्या, नाहीतर कमी हवेमुळे झालेलं नुकसान समजून दावा नामंजूर. आता हवा होती याचा पुरावा कोण जपून ठेवतं? आमचा पडदा चालू क्षणाचा आकडा दाखवतो, कालचा साठवत नाही. हाती आलं काय, तर डीलरकडून चार वॉल्व्हचे पैसे, तेही त्यांच्याच दुकानात खर्चायच्या कुपनात. दोन टायर पदरचे.

तेव्हापासून रोज सकाळी निघण्याआधी मी पडद्याचा फोनवर फोटो काढतो. चारही आकडे, वेळ, ठिकाण, सगळं आपोआप नोंदलं जातं. बायको हसते. हसू दे. आणि टायरवाल्याच्या दारातून बाहेर पडायच्या आधी चारही वॉल्व्ह अंगठ्याने दाबून बघतो, बिलाकडे बघतसुद्धा नाही. अशा संरक्षण योजनांबद्दल माझं मत आता कडवट आहे, पूर्वग्रहदूषित म्हणा हवं तर. ते पैसे बाजूला ठेवून स्वतःच टायर घ्यावेत.

काही सुटे मुद्दे. सेन्सर टायर फुटण्यापासून वाचवतोच असं नाही. टायरचा रस्त्याला टेकणारा वरचा थर सुटत असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत हवा पूर्ण दिसते. म्हणून टायरचं वय बघा: टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. तो पूर्ण क्रमांक बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो, ट्रेलरखाली वाकावं लागतं. टोपीवाल्या सेन्सरच्या तापमानावर फार जाऊ नका, तो वॉल्व्हच्या टोकाचं तापमान सांगतो, बेअरिंगचं नाही. डिझेल भरायला थांबलात की इन्फ्रारेड गनने (लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्राने) चारही हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, बघा. एक बाकीच्यांपेक्षा बराच गरम निघाला तर तिथे काहीतरी शिजतंय. गाडीच्या सेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियम वॉल्व्हवर पितळी कॅप लावू नका, गंजून चिकटते आणि काढताना वॉल्व्हच तुटतो. आणि आपल्याकडे पुणे-बंगळूर हायवेवर ट्रकवाले लोखंडी कांबीने टायर ठोकून बघतात, तसं इथेही पुष्कळ जण ठोकतात. बसलेला टायर कळतो त्याने. 80 आणि 60 मधला फरक माझ्या कानाला तरी कळत नाही.

डीलरने गाडीचा दिवा कायमचा बंद करून द्यायला नकार दिला तर त्याच्यावर चिडू नका. सक्तीची सुरक्षा यंत्रणा धंदेवाल्यांनी जाणूनबुजून निकामी करायची नाही असा संघराज्याचा कायदा आहे. तुमची गाडी 10,000 च्या वर असेल तर तो कितपत लागू, यावर दुकानात वाद घालत बसण्यापेक्षा गाडीचे सेन्सर बदलून मोकळे व्हा.

तर ट्रेलरसाठी नवा संच घेऊ नका, निदान आत्ता नको. आधी चार धातूचे वॉल्व्ह, मग रिपीटर, मग कंप्रेसर. स्पेअरला एक जादा सेन्सर मिळाला तर लावा, स्पेअरची हवा कोणी बघत नाही. पुढच्या वेळी दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा, ट्रेलरच्या टायरच्या बाजूवरच्या मजकुराचा आणि एका वॉल्व्हचा कॅप काढून फोटो टाका. संचात इशाऱ्याचा तळाचा आकडा किती ठेवायचा ते त्यावरून सांगता येईल.