कंच्यांची बरणी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. रविवारच्या बालगटात चॉकलेटं वाटायला लागल्यापासून हजेरी वाढली, पण आता पोट्टे मैदानात पाय ठेवतात न ठेवतात तोच विचारतात, "दादा, आज काय मिळणार?" म्हणून बक्षिसं बंदच करावीत असं तुझ्या मनात आलंय. बंद करू नकोस. कशासाठी देतोस, ते बदल. (आणि नागपूरच्या मे महिन्यात चॉकलेट खिशातच वितळतं, तो भाग वेगळाच.)

मुलांना जे मुळातच आवडतं, त्याला बक्षीस लावायचं नाही. लंगडी, खो-खो, चित्रं, नाटकातली सोंगं, हे सगळं त्यात आलं. अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची आधीपासून आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा नि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र न सांगता दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. न सांगता मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे घोळ वस्तूत नाही, आधी ठरवलेल्या सौद्यात आहे.

मग बक्षीस लावायचं कशाला? जे कंटाळवाणं आहे, पण केल्याशिवाय गट चालत नाही, त्याला. वेळेवर येणं, सतरंज्या झटकून घड्या घालणं, बॉल मोजून पेटीत ठेवणं. यातलं काहीही चपळ पाय किंवा भरलेला खिसा मागत नाही, शेंबडं पोरगंही करू शकतं.

तान्हा पोळा आठव. लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरतात, तेव्हा बोटभर बैलवाल्यालाही बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. कोणी हात हलवत परत जात नाही. सजावटीच्या स्पर्धेत मात्र डोळे खिळतात ते बहुतेक मोठ्या, महागड्या नंदीवरच, आणि त्याला खरं तर बापानं सजवलेलं असतं. तुझ्या गटात बोजाऱ्याची रीत ठेव. पहिला-दुसरा-तिसरा नको. एकदा नंबर लागले की खालचे दोघंतिघं पुढच्या रविवारी येत नाहीत, आणि तुला हवी असतात नेमकी तीच मुलं.

लहानांसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती कंच्यांची (गोट्यांची) बरणी. झाकणाची पारदर्शक बरणी घे, पहिल्यांदा लहानच घे. सगळ्या गटानं मिळून ठरलेलं काम केलं की एक कंचा आत. कोणाचा कंचा ते लिहायचं नाही. तीन-चार रविवारांत भरली पाहिजे. सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवाळीनंतरचं बक्षीस म्हणजे कधीच न मिळणारं बक्षीस. भरली की महाराजबागेत नाहीतर रमण विज्ञान केंद्रात चक्कर, किंवा मुलांनी निवडलेला खेळ तासभर जास्त. दंगा झाला म्हणून कंचा परत काढायचा नाही. कमावलेलं हिसकावलं की बरणीकडे कोणी बघतसुद्धा नाही, आणि एकट्याच्या दंग्यावर सगळ्यांचा राग निघतो. मोठी बरणी दुसऱ्या फेरीला आण, तिसऱ्या फेरीला बरणी आणायची विसर. तोपर्यंत सतरंज्या आपोआप उचलल्या जात असतील, तर कोणी आठवण करूनही देणार नाही.

बारा-तेरा वर्षांच्यांना स्टिकर दाखवू नकोस, "आम्ही काय लहान आहोत का बे?" असं ऐकून घ्यावं लागेल. त्यांना शिट्टी दे. सामानाच्या कपाटाची किल्ली दे, पुढच्या रविवारचा खेळ ठरवू दे, लहानांचा पंच होऊ दे. पैसा लागत नाही, आणि त्या वयाला याच्याएवढं मोठं काही वाटत नाही. किल्ली मात्र पाळीपाळीनं फिरव, नाहीतर तिचाही नंबर होतो.

शाबासकीचं थोडक्यात: "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "त्या नव्या पोराला तू स्वतःहून खेळात घेतलंस" असं म्हण. काय पाहिलंस ते कळलं पाहिजे.

पेन्सिली, खोडरबर लागलेच तर इतवारीच्या बाजारातून डझनानं घे, पण सगळ्यांना सारखे आणि अवचित दे. देणगीदार काका महागडी बॅट एकाच मुलाला देऊ म्हणाले, तर गोड बोलून ती गटाच्या पेटीत जमा कर.

या रविवारी चॉकलेट नेऊ नकोस. "आज काय मिळणार?" आलंच, तर "आज काय खेळायचं ते तुम्ही ठरवा" म्हण आणि पहिली लंगडी लगेच सुरू कर. चार-पाच जण येणं थांबवतील, त्यांची नावं लिहून ठेव. पुढच्या आठवड्यात आपण दोघं त्यांच्या घरी जाऊ.

तुझी,
ताई