'गार' मासा आणि आपलं 'गार' यांचा काही संबंध आहे का?

इंग्रजी शब्दकोड्यात 'लांब जबड्याचा मासा, तीन अक्षरं' याचं उत्तर 'गार' निघालं, त्याचं आपल्या 'गार'शी काही नातं आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. पण या शब्दानं मला लहानपणी चांगलंच फसवलंय, म्हणून लिहितो.

आधी मासा. जुन्या इंग्रजीत 'गार' म्हणजे भाला. तोंड तसं लांब आणि टोकदार, म्हणून ते नाव. 'गार्लिक'मधला गारही हाच. लसणाची पाकळी बघा, भाल्याचं पातंच. यांच्यातला सगळ्यात मोठा 'अ‍ॅलिगेटर गार' मूळचा अमेरिकेतला, दहा फुटांच्या आसपास वाढतो. २०२३ साली तो श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला होता. कुणीतरी हौसेनं पाळून सोडून दिला असणार. त्याची अंडी माणसाला विषारी, आणि संस्कृतात 'गर' म्हणजे विष! निव्वळ योगायोग बरं का.

आपल्याकडं गार पाणी आहे, कवठाचा गर आहे, पंचांगात बव, बालव, कौलव, तैतिल यांच्यानंतर येणारं 'गर' करणही आहे. आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं काढणीला आलेली ज्वारी आडवी केली. तेव्हापासून 'वारं गार सुटलंय' म्हटलं की आमची आई आधी आभाळाकडं बघते. शिवाय गार म्हणजे गारगोटी. आमच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडते. दोन गारा अंधारात एकमेकींवर घासल्या की आतून उजेड पडतो आणि जळका वास येतो. शाळेत असताना आमचा तोच उद्योग.

आता फसवणुकीचं. औरंगाबादला आमच्या शेजारी एक चाचा राहायचे. पाहुणे आले की म्हणायचे, "इनको एलोरा के ग़ार दिखाओ." मला वाटायचं, वेरूळला काहीतरी थंडगार मिळत असेल. उर्दूत ग़ार म्हणजे गुहा, शब्द मूळचा अरबी, हे कोण सांगणार? पुढं मे महिन्यात शाळकरी पोरं मिळून वेरूळला गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि लेण्यात पाऊल टाकलं तर खरंच गार! त्यामुळं माझा गैरसमज थेट कॉलेजपर्यंत टिकला.