प्रॉडक्ट मॅनेजर नक्की करतो काय, आणि टेस्टिंगमधून तिकडे जाता येतं का?

तुम्ही विचारलंय, की ठाण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत तीन वर्षं टेस्टिंग करताय, ऑफिसातले प्रॉडक्ट मॅनेजर दिवसभर मीटिंगमध्येच दिसतात, तर ही मंडळी नक्की करतात काय, आणि एमबीए न करता त्या वाटेला लागता येईल का. मी अकरा वर्षं मुंबईत हेच काम करतेय, आणि सुरुवात कस्टमर सपोर्टला फोन घेण्यापासून केली होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोणाची कुठली अडचण आधी सोडवायची ते ठरवायचं, आणि ती खरंच सुटली का याचा जाब आपण द्यायचा, हे ते काम. कोड डेव्हलपर लिहितात, स्क्रीन डिझायनर करतात, तारखा प्रोजेक्ट मॅनेजर सांभाळतो. यातलं कोणीही तुमच्या हाताखाली नसतं. हुकूम चालत नाही, पटवावं लागतं. मीटिंगा त्यासाठीच.

लोकलचं उदाहरण घ्या. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढायचं यूटीएस अ‍ॅप मुंबईत २०१४ च्या अखेरीस आलं. सुरुवातीला मोबाइलवर तिकीट काढलं तरी स्टेशनात जाऊन ते मशिनवर छापून घ्यावं लागायचं. अ‍ॅप चालत होतं, पण प्रवाशाची अडचण रांगेची होती, आणि ती तशीच राहिली. नंतर पेपरलेस तिकीट आलं, तर नवा प्रश्न: टीसी दिसल्यावरच कोणी फोन बाहेर काढला तर? म्हणून जीपीएस बघून रुळांच्या अगदी जवळ तिकीट काढता येणार नाही अशी अट घातली. मग धावतपळत स्टेशनात शिरलेल्याने काय करायचं? त्याच्यासाठी स्टेशनांवर क्यूआर कोड लावले. एक गाठ सोडवली की दुसरी पडते, आणि कुठली गाठ आधी सोडवायची हे कोणीतरी ठरवावं लागतं.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी आम्ही छोट्या दुकानदारांसाठी उधारीच्या वहीचं अ‍ॅप करत होतो. उधारी थकली की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जाईल अशी सोय केली, सहा आठवडे त्यात गेले. दुकानदारांनी ती सोय भराभर बंद करून टाकली. आकड्यांवरून एवढंच कळत होतं. का, ते कळेना, म्हणून मी लालबागच्या एका किराणा दुकानात सकाळभर स्टुलावर बसले. मालकांनी गल्ल्याशेजारची लाल वही उघडून दाखवली. पानाच्या माथ्यावर नावसुद्धा नव्हतं, 'तिसरा मजला, काकू' एवढंच. म्हणाले, "ताई, ह्यांना तुमचा मेसेज गेला ना, तर पैसे आजच येतील. पण उद्यापासून सामान समोरच्या दुकानातून भरतील. मी मागत नाही कधी. साखर बांधता बांधता नुसतं विचारतो, हिशोब काढून ठेवू का?"

आम्ही आपोआप जाणारा मेसेज काढून टाकला. त्याऐवजी दुकानदाराच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून महिन्याचा हिशोब पाठवायची सोय दिली, कोणाला आणि कधी ते त्याने ठरवायचं. मजकुरातून 'थकबाकी' हा शब्द गेला. ही सोय लोकांनी वापरली. सगळ्यात अवघड काय होतं, तर सहा आठवडे खपलेल्या डेव्हलपरला 'हे काढून टाकू या' म्हणणं. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्तच होतं. मी स्लाइड केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच स्टुलावर नेऊन बसवलं.

नोकरी शोधताना मुंबईत एक गफलत हमखास होते. इथल्या बँकांत आणि विमा कंपन्यांत 'प्रॉडक्ट मॅनेजर' म्हणजे बरेचदा गृहकर्ज किंवा क्रेडिट कार्ड सांभाळणारा माणूस: व्याजदर, पात्रतेचे निकष, टार्गेट. अ‍ॅपशी त्याचा संबंध असेलच असं नाही. त्या पदाला कमी लेखू नका, कारण कल्पनेचं मूळ तिकडेच आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत नील मॅकेलरॉय यांनी टिपण लिहिलं, की प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी ठरावीक माणसांवर हवी. तेव्हा विषय साबणाचा होता, सॉफ्टवेअरने ती कल्पना पुढे उचलली. तुम्ही मात्र अर्ज करण्याआधी कामाचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पुढची शिडी साधारण असोसिएट, प्रॉडक्ट मॅनेजर, सीनियर अशी चढते. तिथे फाटा फुटतो. एक वाट ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, डायरेक्टर, व्हीपी अशी माणसं सांभाळण्याची. दुसरी प्रिन्सिपलची, म्हणजे टीम न सांभाळता सगळ्यात किचकट प्रश्न हाताळायची, पण ते पद प्रत्येक कंपनीत नसतं. काही जण स्वतःचं काही सुरू करतात. टीम हाताखाली घ्यायची घाई करू नका, असं मला मनापासून वाटतं. स्वतः दोन-तीन गोष्टी शेवटपर्यंत नेलेल्या नसल्या, तर दुसऱ्याला काय शिकवणार?

तुमच्यासाठी मी पेमेंटचं क्षेत्र सुचवेन. बेंगळुरूत नोकऱ्या जास्त असतील, पण रिझर्व्ह बँक इथे, यूपीआय चालवणारं एनपीसीआय इथे, आणि पैशाची जाण असलेली माणसंही इथेच भेटतात. खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, त्या मधल्या मिनिटात स्क्रीनवर काय लिहायचं? 'पेंडिंग' एवढ्यावर माणूस घाबरतो, पुन्हा पैसे पाठवतो. असे कोपरे टेस्टरला आधी दिसतात. ते तुमचं भांडवल आहे.

एमबीए लागतंच असं नाही. लाख-लाख रुपयांच्या सर्टिफिकेट कोर्सची तर मुळीच घाई नको. बाहेरून पहिली संधी मिळणं कठीण, आपल्याच कंपनीत बाजूला सरकणं त्यामानाने सोपं. उद्यापासून बग नोंदवताना खाली दोन ओळी जास्त लिहा: हा कोणाला अडवतो, आणि तो माणूस तेव्हा काय करत असतो. सपोर्टच्या लोकांकडून महिन्याच्या तक्रारी मागून घ्या, त्यातली एक निवडा, ती भोगणाऱ्या पाच जणांशी बोला आणि एका पानावर लिहून काढा: अडचण काय, आत्ता लोक कसं निभावतात, आपण काय करावं, आणि काय करू नये. मग तुमच्याच ऑफिसातल्या त्या मीटिंगवाल्या प्रॉडक्ट मॅनेजरला चहाला खाली घेऊन जा आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवा. पान आधी कोणाला दाखवायचं असेल, तर इथेच टाका, मी वाचून सांगेन.