‘मॅडम, सगळं लकवरच असेल तर मी सहा वर्षं काय केलं?’

गेल्या काही वर्षांत ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलांची ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा आलीये की मुलगा खुर्चीत बसतो, मोबाईल पालथा टेबलावर ठेवतो आणि एक पाय हलवायला लागतो, तेव्हाच मला अंदाज येतो. कधी आईवडील घेऊन येतात, कधी मुलगा स्वतःच येतो. शब्द वेगळे असतात पण गाऱ्हाणं तेच, रोज पाच-सहा तास खेळतो तरी रँक अडकलीये, टीममेट फालतू मिळतात, समोरच्याला चांगली लूट, म्हणजे बंदुका वगैरे, मिळते आणि मला रिकामी घरं, मग चिडचिड, झोप नाही, घरात कुणाशी धड बोलणं नाही. आणि उठता उठता, दाराशी थांबून, खरा प्रश्न येतो. ‘मॅडम, यात लक किती असतं आणि स्किल किती?’

म्हणून एक केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्याला विचारूनच लिहितेय. आपण त्याला ओंकार म्हणू, वय १९. तो बॅटल रॉयल खेळायचा, म्हणजे शंभर जण रिकाम्या हाताने एका बेटावर उतरतात, बंदुका-हेल्मेट शोधतात, खेळायची जागा म्हणजे झोन लहान लहान होत जातो, त्याच्या बाहेर राहिलं की मरायची वेळ येते, आणि शेवटी एकच टीम उरते.

पहिल्या दिवशी वडील सोबत होते. ते म्हणाले, ‘हा जुगारच आहे, दुसरं काय!’ ओंकार उसळला, ‘जुगार नाही, शंभर टक्के स्किल आहे.’ आणि पुढच्याच मिनिटाला मी सहज विचारलं की काल काय झालं, तर म्हणाला, ‘काल झोननेच वाट लावली, लकच खराब आहे माझं.’ मी काही बोलले नाही, दोन्ही वाक्यं तशीच वहीत लिहून ठेवली.

सुरुवात मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने केली. प्रत्येक मॅचनंतर दोन रकाने भरायचे, माझ्यामुळे काय झालं आणि नशिबाने काय झालं. आठवड्याने वही आली. हरलेल्या मॅचेसपुढे नशिबाचा रकाना गच्च भरलेला, जिंकलेल्या चार मॅचेसपुढे कोरा. मी बोट ठेवलं, ‘इथे काहीच नाही?’ तर म्हणाला, ‘जिंकल्यावर कशाला लिहायचं?’ मला वाटलं आलं हातात. त्याला जिंकलेल्या मॅचेस पुन्हा बघायला सांगितल्या.

पुढच्या वेळी तो आला तो आणखी खचून. चारही मॅचमध्ये नशीब सापडलं होतं, एकात झोन अगदी त्यांच्या घरावर बंद झाला, एकात समोरची टीम आपसातच गोंधळली. ‘म्हणजे जिंकलो तेही लकच. मॅडम, सगळं लकवरच असेल तर मी सहा वर्षं काय केलं?’

हे वाक्य ऐकलं आणि मला माझी चूक कळली. मी त्याला हिशोब शिकवत होते आणि तो मला गेमबद्दल विचारतच नव्हता. तो विचारत होता की माझी किंमत काय. अभ्यासात बेताचा, चारचौघांत न बोलणारा मुलगा, त्याला जे एक जमतं असं वाटत होतं तेच मी हातातून काढून घेतलं होतं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे, ते लपवत नाही. १९५० च्या दशकात त्याने जी उपचारपद्धत मांडली तिचा गाभा मला आजही पटतो, की माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढी घटनेबद्दलची आपली सक्ती छळते. ‘जिंकलो तर बरं’ ही इच्छा झाली. ‘मी चांगला खेळलो तर जिंकलोच पाहिजे’ ही सक्ती. ओंकारच्या डोक्यात ही दुसरी ओळ होती, आणि तिच्या पोटात आणखी एक, की हरलो म्हणजे मी चांगला नाहीच. अशा माणसाला लक ढालीसारखं लागतं. ढाल काढून घेतली की तो उघडा पडतो, आणि मी नेमकं तेच केलं होतं.

मग मी वही बाजूला ठेवली आणि बुद्धिबळाचं बोलले. तिथे फासे नाहीत, लपवलेले पत्ते नाहीत. तरी आर्पाड एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने जी रेटिंगची पद्धत बसवली, जी जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली आणि जिच्यावरून आज कितीतरी ऑनलाइन गेम्सच्या रँक निघतात, तिचा हिशोब काय सांगतो? रेटिंगमध्ये दोनशेने सरस असलेल्या खेळाडूनेही सामन्यांतले साधारण ७६ टक्केच गुण मिळवणं अपेक्षित आहे. म्हणजे तुम्ही खरोखर चांगले असाल तरी जवळपास एक चतुर्थांश गुण समोरच्याकडे जाणारच, आणि ते हिशोबात आधीच धरलेलं आहे. ओंकारला विचारलं, ‘तुमच्यात चौघांच्या किती टीम?’ म्हणाला, ‘पंचवीस.’ मग सगळ्या टीम अगदी सारख्या असत्या तर तुझ्या वाट्याला किती? त्याने मनात हिशोब केला, ‘पंचवीसात एक.’ आणि गप्प झाला. चोवीस वेळा हरणं ही तिथली साधी सरासरी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

(अजून एक मला फार आवडणारी गोष्ट. खरं नशीब माणसाला सोसत नाही हे गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. डोटा २ नावाच्या गेममध्ये काही ठिकाणी एखादा खास वार लागायचा २५ टक्के चान्स स्क्रीनवर लिहिलेला असतो, पण आत पहिल्या वेळी तो साधारण साडेआठ टक्केच असतो आणि लागला नाही की दर वेळी वाढत जातो, म्हणजे लागोपाठ दहा वेळा न लागण्याचा छळ होऊ नये.)

पण आकड्यांनी कुणी बरं होत नाही. त्यानंतरच्या भेटीला मी त्याला सगळ्यात अनलकी मॅचचं रेकॉर्डिंग आणायला सांगितलं. आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. शेवटचे काही जण उरलेले, ओंकार एका दगडामागे, झोन मोकळ्या मैदानापलीकडे. तो मैदानात धावला आणि टेकडीवरून गोळी लागली. ‘बघा मॅडम, झोन बघा कुठे आला!’ मला या गेममधलं फारसं कळत नाही, म्हणून साधंच विचारलं, ‘हे वरचे आकडे कसले?’

‘झोन सरकायला किती वेळ आहे ते.’

एक मिनिट दहा सेकंद होते. ‘मग तू आत्ताच का धावलास?’

त्याने व्हिडिओ मागे घेतला, परत बघितला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘कारण आधीच्या मॅचमध्ये थांबलो होतो आणि मेलो होतो.’

‘तीही आहे का?’ होती. लावली. त्यात तो अशाच एका दगडामागे शांत बसलेला, टीममेट दोन बाजू धरून, गोळ्या मोजून वापरलेल्या. मग झोन उलट्या दिशेला गेला, मधे दोन टीम आल्या, संपलं. मी विचारलं, ‘इथे काय वेगळं केलं असतंस?’ त्याने तीन वेळा बघितलं. पाय हलायचा थांबला होता.

‘काहीच नाही.’ आणि मग अगदी हळू, ‘मॅडम, मी इथे बरोबर खेळलो होतो.’

इतक्या वर्षांच्या कामात काही क्षण खोलीत तसेच राहून जातात, त्यातला हा एक. जी मॅच तो नीट खेळला होता तिच्याबद्दल त्याने स्वतःला फटकारलं होतं, आपली पद्धत बदलून टाकली होती, आणि त्या बदललेल्या पद्धतीने जी चूक झाली तिला लक म्हणत होता. दोन्ही लेबलं उलटी लागली होती, कारण निर्णय कसा होता ते तो निकालावरून ठरवत होता. आणि बरोबर खेळूनही हरता येतं हे त्याने त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मी समजावून सांगितलं म्हणून नाही. ‘बरोबर खेळलो’ म्हणताना त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, सुटल्याचा होता.

तुमच्यापैकी कुणाचं असं होत असेल तर मी ओंकारला सांगितलं तेच सांगते. मॅच संपल्या संपल्या कारण शोधू नका, तेव्हा मन निकालाच्या बाजूने साक्ष देतं. दुसऱ्या दिवशी एकच रेकॉर्डिंग बघा, मरण्याच्या आधीचं मिनिटभर, आणि त्या वेळी तुम्हाला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर निर्णय कसा होता ते ठरवा. एकटी मॅच काहीच सांगत नाही, शंभर मॅचेसचा कल थोडंफार सांगतो. स्किल तिथेच दिसतं, हळूहळू. टीममेटबद्दल म्हणाल तर पाच विरुद्ध पाचच्या गेममध्ये तुम्ही स्वतः नीट खेळत असाल तर तुमच्याकडे वाईट खेळाडू येऊ शकतील अशा जागा चार, समोर पाच. लांब पल्ल्यात हे तुमच्याच बाजूचं आहे. आणि टिल्ट झालात, म्हणजे डोकं फिरलं, की त्या दिवशी उठायचं, कारण टिल्टमध्ये खेळून हरलेली मॅच नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही.

आईवडिलांनो, ‘जिंकलास का?’ हे पहिलं विचारू नका. ‘तो गेम नशिबाचाच आहे’ असंही नका म्हणू, त्याने मुलाची मेहनत पुसली जाते आणि मूल अजून जोरात सिद्ध करायला बसतं. ओंकारच्या वडिलांना मी एवढंच सांगितलं की एकदा शेजारी बसा आणि त्याला विचारा, इथे तू का थांबलास. ते बसले. पहिल्यांदा त्यांना अर्धा तास काही कळलं नाही, पण मुलगा बोलत होता.

गेल्या महिन्यात ओंकारचा मेसेज आला. ‘आज नऊ मॅच, नऊही हरलो. दोन माझ्यामुळे.’ मी विचारलं, कुठल्या दोन? त्याने लगेच लिहिलं, ‘तिसरी आणि आठवी, आठवीनंतर उठायला हवं होतं.’