नाशिक सोडून बेटावर जावं का?

प्रश्न: आम्ही इंदिरानगरला राहतो. यांची निवृत्ती झाली. फ्लॅट विकून अंदमानातल्या शहीद द्वीपवर, म्हणजे जुन्या नील बेटावर, कायमचं राहायला जायचं मनात आहे. मुलगी वेड्यात काढते. तुमचा सल्ला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. मीही नाशिकचीच, आणि त्या बेटावर दीड वर्ष राहिले आहे. जा, पण आधी जून-जुलै काढा तिथे. डिसेंबरातला निळा समुद्र पाहून ठरवलेलं टिकत नाही. पाऊस मे महिन्यातच लागतो, समुद्र खवळला की बोटी बंद. माझी रक्तदाबाची गोळी अशीच चार दिवस अडकली होती. तेव्हापासून दोन महिन्यांची औषधं घरात ठेवायचे. मोठं इस्पितळ श्री विजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला. तुमच्या यांना हृदयाचा त्रास असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका.

आपली कोरडी हवा विसरा. बरणीतलं मीठ पाझरतं, गोडा मसाला महिन्यात गोळा होतो, चष्म्याचा स्क्रूसुद्धा गंजतो. हिवाळ्यात अंधार साडेपाचलाच. पहिले काही आठवडे ती लांबलचक संध्याकाळ मला खायला उठायची. मग शेजारच्या बंगाली काकींनी ओट्यावर बसवून पडवळ चिरायला दिलं, आणि मी रुळले. भाजी तिथे उत्तम पिकते, माणसं जीव लावतात. थोडं बंगाली शिकून जा.

मुलीला पहिल्या खेपेला सोबत न्याच.